हवेतून आलेली अक्षरे

संध्याकाळी सातच्या सुमारास, म्हणजे युरोपात अजून दुपार सरलेली नसते अशा वेळी, रेडिओ १४.०७० मेगाहर्ट्झ ह्या फ्रिक्वेन्सीवर आणून ठेवावा आणि त्यातून निघणारा आवाज एका साध्या वायरीने संगणकाकडे न्यावा, की पडद्यावर गडद निळ्या रंगाचा एक पट्टा वरून खाली संथपणे ओघळू लागतो आणि त्या निळाईत मधूनमधून पिवळसर, दोऱ्याएवढ्या बारीक, उभ्या रेघा उमटत जातात. ह्या ओघळत्या पट्ट्याला हॅम मंडळी वॉटरफॉल म्हणतात. कानाने ऐकावे तर तेथे खरखर आणि त्या खरखरीत मिसळलेल्या, दूरवर कोणी थरथरती शीळ घालीत असावे तशा चार-सहा स्वरांखेरीज काही नसते. परंतु त्यांतल्या एका रेघेवर माऊसने टिचकी मारली की पडद्याच्या वरच्या भागात अक्षरे येऊ लागतात, एकामागून एक, समोर बसून कोणी लिहीत असल्यासारखी. आणि खरोखरच कोणी लिहीत असते. हजारो मैलांवरच्या एका खोलीत एक मनुष्य त्याच क्षणी आपल्या कळफलकावर बोटे चालवीत असतो, आणि त्याने दाबलेले अक्षर, मध्ये तार नाही, उपग्रह नाही, कोणत्याही कंपनीचे जाळे नाही, अशा स्थितीत वातावरणाच्या आयनांबर नावाच्या उंच थरावरून परावर्तित होऊन आपल्या घरात उतरते.

हौशी रेडिओ, अर्थात हॅम रेडिओ, म्हटला की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे हातात माइक घेऊन आपला कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेली ओळखीची संज्ञा, पुन्हापुन्हा उच्चारणारा गृहस्थ येतो, किंवा मोर्सच्या खटक्यावर कड्ड-कट्ट वाजवणारा त्याचा वडीलधारा. ह्या दोन्ही प्रकारांना मोठा इतिहास आहे आणि दोन्ही आजही जिवंत आहेत. त्यांच्या जोडीला असलेला तिसरा प्रकार, ज्यात दोन्ही बाजूंची माणसे बोलण्याऐवजी टंकलेखन करतात आणि संगणकावरचे सॉफ्टवेअर त्या टंकलेखनाचे स्वरांत व स्वरांचे पुन्हा अक्षरांत रूपांतर करते, तो आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही. आणि मला तर तो सर्वांत जिव्हाळ्याचा वाटत आला आहे. तसे का वाटते, हे एका संध्याकाळच्या हकीकतीवरून सांगतो.

कार्तिकातली संध्याकाळ होती. दक्षिण इटलीतील एका निवृत्त शिक्षकाशी माझा संपर्क जुळला होता. नाव, गाव, सिग्नलचा दर्जा एवढा नेहमीचा तपशील झाल्यावर तो आपल्या बागेतील ऑलिव्हच्या झाडांविषयी लिहू लागला. फळे उतरवण्याचे दिवस होते आणि पाऊस आला होता. 'हार्व्हेस्ट' ह्या शब्दातले एक अक्षर त्याने गाळले. लगेच पडद्यावरची शेवटची अक्षरे एकेक करून मागे पुसली गेली आणि शब्द नीट लिहिला गेला. हे पुसणेसुद्धा मला माझ्या घरात दिसत होते, कारण ह्या पद्धतीत खोडण्याची कळ हीही एक संज्ञा म्हणून प्रक्षेपित होते. पुढे पावसाचे वर्णन करताना तो अडला. अक्षरे थांबली. वॉटरफॉलवरची त्याची पिवळी रेघ, जी लिहिताना एका विसविशीत फितीसारखी दिसत होती, ती दुभंगून दोन स्वच्छ समांतर रेघा झाल्या, जणू आगगाडीचे रूळ. हे रूळ म्हणजे विचारात पडलेला मनुष्य होय: त्याचे प्रक्षेपण चालू आहे, परंतु पाठवायला अक्षर नाही, अशा वेळी सॉफ्टवेअर रिकामे ठोके पाठवीत राहते आणि त्यांचे पडद्यावरचे रूप असे दिसते. ते रूळ वीस-पंचवीस सेकंद तसेच चालले. मग त्याने लिहिले की बारीक पावसाला इंग्रजीत काय म्हणतात तो शब्द शोधतो आहे, आणि पुन्हा थोड्या वेळाने 'ड्रिझल' हा शब्द आला. माझी पाळी आली तेव्हा मी त्याला लिहिले की आमच्या भाषेत ह्याला भुरभुर म्हणतात. अर्ध्या तासाने त्याने माझा निरोप घेतला तेव्हा शेवटच्या ओळीत त्याने तो शब्द, माझ्या स्पेलिंगप्रमाणे, हुबेहूब लिहून पाठवला होता.

पत्रात खाडाखोड दिसते, परंतु ती सुकलेली असते. फोनवर माणूस अडखळला तर ऐकू येते, परंतु शब्दासाठी वीस सेकंद थांबण्याची मुभा फोनवर कोणी कोणाला देत नाही. येथे लिहिणाऱ्याचा हात, त्याची चूक, त्याची दुरुस्ती, त्याचे थांबणे, सारे घडत असतानाच समोर येते, आणि वाचणारा त्या थांबण्यात त्याच्याबरोबर थांबतो. अनोळखी माणसाशी इतक्या निवांतपणे बोलण्याची दुसरी जागा मला तरी सापडलेली नाही.

ह्या पद्धतीचे नाव पीएसके-३१, आणि तिचा कर्ता पीटर मार्टिनेझ नावाचा एक इंग्रज हॅम. परंतु तिच्याकडे येण्यापूर्वी तिच्या आजोबांचा उल्लेख केला पाहिजे. तारघरात ज्यांनी पाऊल टाकले आहे अशा वाचकांना टेलिप्रिंटर आठवत असेल: कोणी समोर नसताना आपोआप खडखडत कागदावर मजकूर उमटवणारे ते वजनदार यंत्र. एमिल बोदो ह्या फ्रेंच तारखात्यातील अभियंत्याने १८७४ साली प्रत्येक अक्षराला पाच संज्ञा देणारी पद्धत सिद्ध केली आणि टेलिप्रिंटरांची सारी परंपरा तिच्यावर उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत असली जुनी यंत्रे हौशी लोकांच्या हाती आली, त्यांनी ती आपल्या रेडिओला जोडली, आणि रेडिओ टेलिटाइप, अर्थात आरटीटीवाय, ही हॅम लोकांची पहिली टंकसंवादाची पद्धत जन्मास आली. सेकंदाला ४५.४५ ठोके आणि एकमेकांपासून १७० हर्ट्झ अंतरावरचे दोन स्वर, असे तिचे माप पुढे रूढ झाले आणि आजही तेच चालते. फक्त ते अवजड यंत्र जाऊन त्याचे काम संगणक करतो. पाच संज्ञांत बत्तीसच जागा असल्यामुळे अक्षरे आणि अंक ह्यांना त्याच त्या जागा वाटून घ्याव्या लागतात, आणि 'आता अंक येणार' ही सूचना देणारा ठोका खरखरीत हरवला तर पुढचे अंक अक्षरे होऊन छापले जातात. सिग्नल उत्तम आहे हे सांगण्यासाठी हॅम ५९९ हा आकडा पाठवतात. तो असा फसला की कागदावर टी, ओ, ओ ही तीन अक्षरे येतात. ती दिसली की जाणता मनुष्य ५९९ असे वाचतो आणि पुढे जातो. भारतातील तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. टेलिप्रिंटरचा तो पाच ठोक्यांचा ताल मात्र हॅम लोकांच्या बँडवर अजून ऐकू येतो.

मार्टिनेझ ह्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस एक साधा प्रश्न विचारला: दोन माणसांनी निवांत टंकलेखन करीत गप्पा मारायच्या असतील, तर त्यांना नेमका किती वेग लागतो? मिनिटाला पन्नास शब्द म्हणजे बहुतेकांच्या बोटांना पुरून उरणारा वेग. तेवढ्यापुरतीच जागा घ्यायची, एक हर्ट्झही अधिक घ्यायची नाही, ह्या हिशेबाने त्यांनी सेकंदाला ३१.२५ ठोक्यांचा वेग धरला. संगणकाचे साउंड कार्ड आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेऊ शकते आणि त्याला २५६ ने भागले की हाच आकडा येतो, म्हणून तो सोयीचाही होता. पोलंडमधील पावेल यावोखा ह्यांनी ह्या दिशेने आधी प्रयोग केले होते आणि मार्टिनेझ ह्यांनी त्यांच्याच कल्पनेवर पुढची रचना केली. स्वर एकच ठेवायचा; त्याच्या लहरीची दिशा एका ठोक्यात उलटली तर ते शून्य, न उलटता तशीच चालू राहिली तर तो एक. उलटण्याच्या क्षणी आवाज हळुवारपणे शून्यावर आणायचा आणि पुन्हा चढवायचा, म्हणजे झटका बसून आजूबाजूला शिंतोडे उडत नाहीत. परिणाम असा, की एक संभाषण सुमारे ६० हर्ट्झमध्ये मावते. माइकवरच्या एका बोलण्याला अडीच ते तीन हजार हर्ट्झ लागतात हे लक्षात घेतले म्हणजे, जेथे एक गृहस्थ बोलत असता तेथे कित्येक जोड्या एकमेकांना धक्का न लावता लिहू शकतात, ह्याचे मर्म ध्यानात येईल. शक्तीही थोडी पुरते. वीस-पंचवीस वॅट पुष्कळ होतात.

परंतु मला त्यांच्या रचनेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो तो त्यांचा अक्षरांचा तक्ता. त्याला व्हॅरिकोड म्हणतात. बोदोप्रमाणे सर्व अक्षरांना सारखी लांबी न देता, मोर्सप्रमाणे, जे अक्षर भाषेत वारंवार येते त्याला लहान संज्ञा आणि जे क्वचित येते त्याला लांब, असे त्यांनी केले. इंग्रजीत सर्वांत अधिक येणारी गोष्ट म्हणजे दोन शब्दांमधली मोकळी जागा. तिला नुसता एक ठोका. 'ई'ला दोन ठोके, 'टी'ला तीन, 'ए'ला चार, आणि बिचाऱ्या 'झेड'ला नऊ. प्रत्येक अक्षरानंतर दोन शून्ये येतात, आणि कोणत्याही अक्षराच्या पोटात लागोपाठ दोन शून्ये येणार नाहीत अशी व्यवस्था केलेली आहे. त्यामुळे मध्येच ऐकायला लागलेल्या संगणकालाही अक्षर कोठे संपले हे तत्काळ कळते, आणि खरखरीने एक अक्षर खाल्ले तरी नुकसान त्या अक्षरापुरतेच, फार तर शेजाऱ्यापुरते राहते. मोठ्या लिपीतली रोमन अक्षरे ह्या तक्त्यात महाग ठेवली आहेत, म्हणून ह्या बँडवर लोक आपले नावसुद्धा लहान लिपीत लिहितात. पैशाचा हिशेब ठेवावा तसा वेळेचा हिशेब ठेवून, परंतु भाषेच्या स्वभावाकडे पाहून, केलेली ही रचना आहे.

आता मराठी माणसाच्या मनात साहजिक येणारा प्रश्न. आपली अक्षरे ह्या तक्त्यातून जातील काय? 'नमस्कार' हा शब्द रोमन लिपीत लिहिला तर त्याची आठ अक्षरे, मधल्या शून्यांसकट, ५६ ठोक्यांत बसतात, म्हणजे दोन सेकंदांच्या आत पलीकडे पोचतात. तोच शब्द देवनागरीत लिहिला तर न, म, स, हलन्ताचे चिन्ह, क, काना आणि र अशी सात चिन्हे होतात; युनिकोडच्या रूढ पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि व्हॅरिकोडमध्ये असल्या परक्या बाइटांना तक्त्याच्या शेवटी, दहा ते बारा ठोक्यांच्या लांबलचक जागा दिलेल्या आहेत. एकवीस बाइटांचा हिशेब आठ सेकंदांपलीकडे जातो, आणि त्यातला एक बाइट जरी हरवला तरी एक पूर्ण चिन्ह फुटते. म्हणून दोन मराठी हॅम एकमेकांशी लिहू लागले तरी ते रोमन लिपीत मराठी लिहितात. त्या संध्याकाळी भुरभुर हा शब्दही तसाच गेला.

लिपीची ही अडचण मुळातच नसलेली एक पद्धत ह्या घराण्यात आहे आणि ती वयाने मार्टिनेझ ह्यांच्या पद्धतीहून पुष्कळ वडील आहे. रुडॉल्फ हेल ह्या जर्मन संशोधकाने १९२९ साली पेटंट घेतलेली ही पद्धत अक्षराची संज्ञा पाठवीतच नाही. ती अक्षराचे चित्र, उभ्या ठिपक्यांच्या ओळी करून, पाठवते. पलीकडे ते चित्र पुन्हा रंगवले जाते आणि वाचण्याचे काम यंत्राऐवजी माणसाचा डोळा करतो. खरखर झाली तर चित्रावर काळे ठिपके पडतात, परंतु भिंतीवरचे पुसट अक्षर आपण जसे ओळखतो तसे ते ओळखता येते. ह्या पद्धतीला अक्षर कोणत्या लिपीतले आहे ह्याची विचारपूस करण्याचे कारणच नाही. तिच्या दृष्टीने रेफही ठिपके आणि वेलांटीही ठिपके.

ह्या साऱ्या पद्धती एकाच ठिकाणी वापरता याव्यात म्हणून जी सॉफ्टवेअरे झाली त्यांत फ्लडिजी हे आज सर्वांत रुळलेले. डेव्हिड फ्रीझ ह्या अमेरिकन हॅमने ते लिहायला घेतले, ते मुक्त स्वरूपाचे आणि विनामूल्य आहे, आणि जुन्यापान्या लॅपटॉपवरही निमूटपणे चालते. वर अक्षरे येण्याची खिडकी, तिच्याखाली आपण लिहिण्याची खिडकी, आणि तळाशी वॉटरफॉल, अशी त्याची मांडणी. आपण खालच्या खिडकीत लिहीत गेलो की पाठवून झालेली अक्षरे रंग बदलतात, त्यामुळे बोटे प्रक्षेपणाच्या किती पुढे आहेत हे दिसत राहते. रेडिओ आणि संगणक ह्यांमध्ये आवाज नेणाऱ्या दोन वायरी आणि प्रक्षेपण चालू-बंद करण्याची एक व्यवस्था एवढेच लागते. अलीकडच्या रेडिओंत तर साउंड कार्ड आतच बसवलेले असते आणि एका यूएसबी वायरीत सगळे भागते.

नवशिक्याने एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी शिकावी, आणि ती मी पहिल्या दिवशी शिकलो नाही म्हणून येथे सांगतो. संगणकाचा आवाज रेडिओत किती शिरतो ह्यावर कडक नजर पाहिजे. तो वाढवला की रेडिओवरचा एएलसीचा, म्हणजे सिग्नलची पातळी आपोआप आवरणाऱ्या व्यवस्थेचा, काटा हलू लागतो, आणि आपला सिग्नल अधिक जोरात जातो आहे असे समाधान वाटते. वस्तुतः त्या वेळी रेडिओचा वर्धक लहरीचा माथा चेपून टाकीत असतो, मार्टिनेझ ह्यांनी हळुवार केलेला चढ-उतार पुन्हा खडबडीत होतो आणि आपल्या एका रेघेच्या दोन्ही बाजूंना चार-चार भुताटकीच्या रेघा उमटून शेजाऱ्यांची संभाषणे मोडतात. मी कित्येक आठवडे असे प्रक्षेपण केले. शेवटी एका अपरिचिताने मला दोन ओळी लिहिल्या: तुमचा सिग्नल फार रुंद आहे, आवाज कमी करा, मी येथे थांबून पाहतो. आणि तो खरोखरच पंधरा मिनिटे थांबला, मी एकेक घर आवाज उतरवीत गेलो आणि प्रत्येक वेळी त्याने काय दिसते ते कळवले. काटा स्थिर राहील इतकाच आवाज द्यावा, हा धडा मला असा मिळाला.

पीएसके-३१ ला एक मर्यादा आहे. लहरीची दिशा हाच तिचा आधार असल्यामुळे, ध्रुवप्रदेशावरून येणाऱ्या वाटांवर, जेथे आयनांबर अस्वस्थ असते, तेथे तिची अक्षरे विस्कटतात. तेथे यावोखा ह्यांचीच दुसरी निर्मिती उपयोगी पडते. आपल्या कन्येच्या नावावरून त्यांनी तिला ऑलिव्हिया हे नाव दिले. अक्षराच्या सात संज्ञांऐवजी ती चौसष्ट पाठवते, म्हणजे मजकूर जवळजवळ नऊपट पसरून पाठवते, आणि त्यातला बराच भाग नष्ट झाला तरी उरलेल्यावरून मूळ अक्षर शोधून काढते. कानाला नुसती खरखर ऐकू येत असता पडद्यावर स्वच्छ वाक्य उमटावे, हा अनुभव ऑलिव्हियाने पहिल्यांदा दिला तेव्हा मी रेडिओचा आवाज बंद करून पुन्हा चालू करून पाहिला होता. अर्थात ती सावकाश चालते, आणि तिच्यात अक्षरे झुबक्याने येतात, त्यामुळे समोरच्याचा हात पीएसके-३१ इतका स्पष्ट दिसत नाही.

येथे आणखी एका पद्धतीविषयी लिहिणे प्राप्त आहे, कारण हल्ली ह्या बँडवर जो कोणी येतो त्याला ती सर्वांत आधी ऐकू येते. द्वैती पल्सारच्या शोधाबद्दल १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले, ते जोसेफ टेलर हे स्वतः हॅम आहेत. स्टीव्ह फ्रँक ह्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी २०१७ साली एफटी-८ ही पद्धत प्रसिद्ध केली. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या, घड्याळ अचूक लावलेले, आणि प्रत्येक पाळीत कॉलसाइन, ठिकाण, सिग्नलचा आकडा एवढाच ठरीव मजकूर. अतिशय क्षीण सिग्नलातून दोन स्थानकांची गाठ पडल्याची नोंद करण्यासाठी ती अपूर्व आहे, आणि तिच्या गणिताविषयी मला आदरच आहे. परंतु तिच्यात मुक्त मजकुराला तेरा अक्षरांची जागा आहे. तेरा अक्षरांत ऑलिव्हच्या बागेवर पाऊस पडत नाही. ती आल्यापासून बरीच मंडळी तिच्याकडे गेली, आणि १४.०७० वरचा वॉटरफॉल, जो पूर्वी गच्च भरलेला असे, तो आज बऱ्याच संध्याकाळी ओस असतो, ह्याची खंत मला वाटते. जॉर्डन शेरर ह्या अमेरिकन हॅमने २०१८ साली एफटी-८ च्याच पायावर जेएस-८-कॉल नावाचे सॉफ्टवेअर रचून तिची सूक्ष्म श्रवणशक्ती कायम ठेवली आणि मुक्त मजकुराची मुभा परत आणली. त्यात एकाचा निरोप दुसऱ्याने पुढे पोचवण्याचीही सोय आहे. हा उपक्रम स्तुत्य आहे. तरीही तेथे वाक्ये पंधरा सेकंदांचे तुकडे होऊन येतात, आणि रुळांसारख्या त्या दोन रेघा तेथे नाहीत.

परंतु सारा दोष एफटी-८ च्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. टंकसंवादाला खरी वाळवी लागली ती तिच्या आधी, आणि आमच्याच हाताने. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये मॅक्रो नावाची सोय असते: एक कळ दाबली की आधी लिहून ठेवलेला मजकूर जसाच्या तसा जातो. कॉलसाइन पाठवण्यासाठी किंवा सर्वांना साद घालण्यासाठी, ज्याला सीक्यू म्हणतात, ती योग्यच आहे. पण पुढे माझे नाव अमुक, गाव तमुक, रेडिओ ह्या कंपनीचा, अँटेना एवढ्या उंचीवर, संगणक असा, सॉफ्टवेअर तसे, आणि शेवटी शुभेच्छांचा ७३ हा आकडा, हे सगळे कळांवर बसले, आणि दोन माणसे एकमेकांच्या खिडकीत आपापले दप्तर ओतून निघून जाऊ लागली. एकही अक्षर बोटाने लिहिलेले नाही अशी संभाषणे मी शेकड्यांनी पाहिली आहेत. अशा संभाषणात मनुष्य असला काय आणि नसला काय, फरक पडत नाही. मग ते काम यंत्राला अधिक चांगले जमणारी पद्धत आली आणि मंडळी तिकडे गेली, तर नवल कसले?

लिहिलेल्या अक्षराची आणखी एक योग्यता आहे आणि ती संकटकाळी कळते. १९९३ च्या लातूर-किल्लारीच्या आणि २००१ च्या भूजच्या भूकंपात हॅम मंडळींनी आपल्या स्थानकांवरून निरोप पोचवण्याचे काम केले होते. अशा वेळी माइकवरून औषधांची यादी सांगताना सतरा की सत्तर, असा घोटाळा आपल्या भाषेत किती सहज होतो, हे कोणालाही सांगायला नको. टंकलेला आकडा पडद्यावर राहतो, छापता येतो, नोंदवहीत जसाच्या तसा उतरवता येतो. फ्लडिजीच्या सोबत मिळणारी पूरक सॉफ्टवेअरे तर ठरीव नमुन्याचा अर्ज किंवा यादी पाठवून ती पलीकडे अक्षरशः बिनचूक पोचली की नाही ह्याची रुजवातही घेतात. मोटारीची बॅटरी, एक लॅपटॉप आणि दोन झाडांना बांधलेली तार, एवढ्यावर हे चालते.

ज्याला ह्यात यावयाचे आहे त्याला परवाना लागतो. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा असते, तीत रेडिओची मूलतत्त्वे आणि नियम विचारतात, आणि बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ती देता येते; उत्तीर्ण झाल्यावर श्रेणीप्रमाणे व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ ने सुरू होणारा कॉलसाइन मिळतो. ह्या बँडवर व्यापाराचा मजकूर चालत नाही आणि गुप्त लिपी चालत नाही: जे लिहावयाचे ते उघड्या कार्डावर लिहावे तसे, कोणीही वाचावे असे. परीक्षेपूर्वी चव घ्यायची असेल त्याने नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओ इंटरनेटवरून ऐकावा; तो कोणालाही आपल्या मर्जीप्रमाणे फिरवता येतो, आणि त्याचा आवाज आपल्याच संगणकातील फ्लडिजीकडे वळवला की रेडिओ घरात नसतानाही अक्षरे उमटू लागतात.

आणि जे तरुण गणिताचे किंवा संगणकाचे जाणकार आहेत त्यांच्यापुढे एक काम ठेवतो. मार्टिनेझ ह्यांचा मूळ तक्ता १२८ जागांचा आहे, आणि योगायोग असा की युनिकोडने देवनागरीला जो विभाग नेमून दिला आहे त्यातही नेमक्या १२८ जागा आहेत. भरपूर मराठी मजकूर घ्यावा, त्यात कोणते चिन्ह किती वेळा येते ते मोजावे, काना-मात्रांसारख्या पदोपदी येणाऱ्या चिन्हांना लहान संज्ञा द्याव्यात आणि ळ किंवा ञ ह्यांना त्यांच्या मानाप्रमाणे लांब. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कारागिराला आपल्या पेटीत कोणत्या अक्षराचे खिळे किती ठेवावे हे ठाऊक असे. तेवढेच ज्ञान येथे लागणार आहे. तो तक्ता उघडपणे प्रसिद्ध करावा, म्हणजे नियमाचीही हरकत येणार नाही. एका चिन्हाला मधल्या शून्यांसकट सरासरी आठ ठोके पडले, तरी देवनागरीतला 'नमस्कार' दोन सेकंदांच्या आत इटलीला पोचेल.